ठसठशीत काप

संगमनेरहून चंडीगडला दगड आला तो जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखा. वल्लरीच्या बाबांच्या लॅबमधले एक सहकारी सुट्टीवरून परतताना तो बरोबर घेऊन आले. पुण्याच्या विमानतळावर त्यांची बॅग दोनदा उघडायला लावली. "ये क्या है?" असं विचारल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना, तेव्हा ते म्हणाले, "पत्थर है जी. शादी का."

आणि ते खोटं नव्हतं. लग्न सुलोचनाआत्याचं होतं.

सुलोचनाआत्या ही वल्लरीच्या बाबांची थोरली बहीण. संगमनेरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. लग्न तिनं नाकारलं नव्हतं, ते राहून गेलं होतं. आणि राहून गेल्याचं तिनं कधी कुणाला वाईटही वाटू दिलं नव्हतं. गेल्या वर्षी ती भावाकडे चंडीगडला आली, मंडळाच्या गणपतीत बायकांच्या आग्रहाखातर तिनं ओव्या म्हटल्या, आणि मागच्या खुर्च्यांमधून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस उठून पुढे आला.

"बाई, ती तिसरी ओवी परत म्हणता का? आमची आई ह्याच चालीवर म्हणायची."

हे कर्नल श्रीपाद भोईटे. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन पंचकुल्यात घर बांधून राहिलेले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. तिसरी ओवी परत म्हटली गेली, मग चौथी, मग आत्या संगमनेरला परतल्यावर फोनवर रोज एक. आणि आता, फेब्रुवारीच्या कोवळ्या उन्हात, पंचकुल्याच्या त्या घराच्या अंगणात घरच्याच माणसांत लग्न व्हायचं होतं.

दगड मात्र बाहेरून कुणी उचलू नये असा होता. नारळाएवढा, शेवाळी, खरबरीत. आत्याला तो प्रवरेच्या पात्रात सापडला तेव्हा ती परकर नेसत होती. तेव्हापासून तो घराच्या दाराशी असायचा, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून लावून ठेवलेला. घरात त्याला गारगोटी म्हणत. वल्लरी त्याला अगेट म्हणाली, आणि मनीमाजऱ्यातल्या तिच्या घरमालकीणबाई, बीजी, दारातून डोकावून म्हणाल्या, "ए तां अकीक ऐ, पुत्तर." दगड तिन्ही नावांना ओ देईना.

वल्लरी दगड कापायची. युनिव्हर्सिटीत भूगर्भशास्त्र शिकली, मग नोकरी न शोधता मनीमाजऱ्याच्या गल्लीत बीजींची खालची खोली भाड्यानं घेतली आणि तिथं करवत मांडली. करवतीचं पातं गोल, ताटाएवढं, कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली. दात एकही नाही. बोट लावलं तर फारसं काही होत नाही, दगड लावला तर दगड चिरत जातो. कच्च्या दगडाच्या अशा चिपा काढायच्या, त्यांतून कानातले, पदकं, अंगठ्यांचे खडे घडवायचे, हा तिचा उद्योग. तिचे बाबा, विश्वास, सेक्टर तीसच्या लॅबमध्ये भिंगं घासण्यात आयुष्य घालवलेले, ते म्हणायचे, "मी काचेतून आरपार दिसावं म्हणून घासतो, ही दगडात आतलं दिसावं म्हणून कापते. धंदा एकच."

दगड पोचल्याच्या संध्याकाळी आत्याचा आवाजी निरोप आला.

"वल्ले, मिळाला का गं दगड? त्याचे काप कर. पातळ नकोत हं, चांगले ठसठशीत कर. माझ्या लग्नात पाहिजेत."

वल्लरीला मराठी सगळं कळायचं. बोलताना मात्र तोंडात हिंदी यायची, कारण शाळा, मैत्रिणी, भाजीवाले, भांडणं, सगळं हिंदीतच झालेलं. तिनं निरोप परत ऐकला आणि स्वयंपाकघराकडे मान वळवली. तिथं बाबा चष्मा कपाळावर चढवून मटार सोलत होते.

"बाबा, काप मतलब स्लाइस ही ना?"

"काप म्हणजे काप," बाबा म्हणाले. "आई करते ना वांग्याचे, तसे."

"और शादी में किसलिए चाहिए?"

"वाटायला असतील. ताईचं डोकं आहे ते. लोक मिठाईचे डबे देतात, ती दगड देईल."

वल्लरीला ते फार आवडलं. आत्याला शोभण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दगड बादलीत बुडवून ओला केला, उन्हात धरला, फिरवला. दगडाला शिरा कुठून कुठं जातात हे बाहेरून पुरतं कळत नाही, अंदाज करायचा. आडवा कापला तर एक चित्र, उभा कापला तर दुसरं, आणि एकदा कापल्यावर पहिलं चित्र कायमचं गेलं. ती बराच वेळ नुसती बघत बसली. मग दगड पकडीत घट्ट आवळला, पाण्याची धार सोडली आणि करवत चालू केली.

करवत आधी किंचाळते, मग कुरकुरते, आणि पातं पुरतं आत शिरलं की गुणगुणायला लागते. बीजींना ते गाणंच वाटलं; त्या वरून ओरडल्या, "आज ते तेरी मशीन गांदी पई ऐ." पांढरं दुधाळ पाणी वाहत राहिलं. पहिला काप सुटला, हिरवट, साधा. दुसऱ्यात पांढरे पट्टे. तिसऱ्यात पट्ट्यांना वळण. आणि मधला काप सुटला तेव्हा वल्लरीनं तो नळाखाली धरला आणि नळ बंद करायचं विसरली.

दगडाला डोळा होता. बरोबर मधोमध, रुपयाएवढा, निळसर राखाडी वलयांत वलयं, आणि मध्यावर बारीक स्फटिकांचा ठिपका, दव पडल्यासारखा. तिनं मागे उरलेल्या दगडाचं तोंड पाहिलं, तिथंही तोच डोळा. करवत डोळ्यातूनच गेली होती, म्हणून अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पुढचा काप काढून दोन्ही शेजारी ठेवले, तर ते एक चेहरा होऊन तिच्याकडे बघू लागले.

काप सगळे ठसठशीत झाले. ओल्या वर्तमानपत्रावर तिनं ते वाळत मांडले आणि कर्नलना फोन केला. नवरदेवानं आधी एक निवडावा, असं तिला वाटलं.

कर्नल आपली जुनी जीप गल्लीच्या तोंडाशी लावून चालत आले. काप बघून ते पाठीमागे हात बांधून संचलन पाहावं तसे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि डोळ्याच्या एका कापाशी थांबले.

"हा कोण बघतोय माझ्याकडे?"

"ले लीजिए ना, अंकल."

"अंकल काय, अंकल? आत्याचा नवरा म्हणजे आतोबा. म्हण."

"आतोबा अंकल."

"चालेल. निम्मी लढाई जिंकली." त्यांनी काप रुमालात गुंडाळला. "आणि ऐक. आत्याला सांगू नको हा माझ्याकडे आहे. दारासाठी एक गंमत करतोय."

लग्नाच्या दोन दिवस आधी आत्या आली. हिरवी इरकल, हातात पिशवी, पिशवीत संगमनेरचे पेढे आणि दुसऱ्या कुणाला उचलू न दिलेली तुळशीची कुंडी. वल्लरीची आई, रागिणी, हॉस्पिटलातून खास लवकर आलेली, वांग्याचे काप तळत होती. गरम काप ताटात पडले तशी आत्या मांडी घालून बसली.

"रागिणी, झकास झालेत. आता माझे दाखवा. वल्ले, माझे काप कुठायत?"

वल्लरी याच क्षणाची वाट बघत होती. तिनं ट्रे आणून पुढे ठेवला आणि वरचं फडकं काढलं. घासून चकचकीत केलेले काप उजेडात झळाळले.

"बाई गं," आत्या म्हणाली. "हे आत होतं? इतकी वर्षं मी ह्याला पायानं सरकवत होते." ती एकेक काप बघत गेली आणि डोळ्याच्या कापावर तिनं बोट ठेवलं. "हा. ह्याला मी ओळखते. दाराशी बसून हाच बघत असणार मला, आले की, गेले की." मग तिनं ट्रेच्या मागे, फडक्याखाली पाहिलं. "आणि काप?"

"आत्या, यही तो हैं."

"हे?"

आत्यानं वांग्याच्या कापांकडे पाहिलं, दगडाच्या कापांकडे पाहिलं, आणि तिचा हात नकळत कानाच्या पाळीवर गेला. बाबांचा घास हातातच राहिला.

"ताई," ते म्हणाले, "तू आईचे काप म्हणत होतीस?"

"मग दुसरे कुठले? कानातले काप, विशू. आईच्या कानात चपटे गोल होते, पाळीवर बसणारे. थोरल्या काकूकडे गेले ते."

"कानातले?" वल्लरी म्हणाली. तिनं ताटाकडे बोट दाखवलं. "मुझे लगा… बाबा ने कहा, बैंगन वाले."

मग आत्या हसायला लागली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रागिणीही हसली, बाबाही ओशाळून हसले. "बायकोच्या हातचं खाऊन खाऊन आईचे दागिने विसरलास की रे," आत्या म्हणाली. वल्लरी मात्र हसली नाही. तिनं पाहिलं होतं, हसताना आत्याचा हात कानावरून खाली आला नव्हता.

"का हवे होते, आत्या? ठीक से बताओ."

"काही नाही गं. लहानपणीची गोष्ट. नदीत ही गारगोटी सापडली, ओली होती तेव्हा काय सुंदर दिसायची. मी कानाशी धरून आईला दाखवली. केवढा धोंडा कानाशी, आई हसली. म्हणाली, ठेव नीट, तुझ्या लग्नात हिचेच काप करू." आत्यानं वांग्याचा काप उचलून खाल्ला. "ती चेष्टेत म्हणाली. मी दगड दाराशी ठेवला. येता-जाता ठेच लागली की आठवायचं, आपलं काहीतरी व्हायचंय. असू दे. हेही छान आहेत. वाटू पाहुण्यांना."

ते "असू दे" वल्लरीला बोचलं. याच "असू दे"नं आत्याचं पुष्कळ काही राहून गेलं असणार, असं तिला वाटलं.

"आणि वल्ले," आत्या हळूच म्हणाली, "श्रीपादरावांना यातलं काही सांगू नको. त्यांना वाटेल, म्हातारी दगडासाठी रुसली."

सकाळी मनीमाजऱ्यात वल्लरीनं सगळे काप कापल्याच्या क्रमानं ओळीनं मांडले. बाबा रजा टाकून बरोबर आले होते. चूक त्यांचीही होती.

"पट्ट्यांचे कर की," ते म्हणाले. "शेजारचे दोन काप घे, पट्टे जुळतायत."

"नहीं बाबा. आत्या ने आँख पे उँगली रखी थी."

ओळीत एक जागा रिकामी होती, तोंडातला दात पडावा तशी. डोळ्याचा एक काप होता. दुसरा पंचकुल्यात, रुमालात. आणि कानातले म्हटलं की जोडी हवी. एका डोळ्यानं लग्न लागत नाही. आत्यानं कर्नलना सांगू नको म्हटलं होतं, कर्नलनी आत्याला. दोघांची गुपितं वल्लरीच्या एकाच ओंजळीत पडली होती, आणि लग्न उद्यावर.

तिनं स्कूटीच्या डिकीत पोकळ बरमा, ड्रिल आणि गॉगल टाकला, बाबांना मागे बसवलं आणि पंचकुल्याची वाट धरली.

कर्नल अंगणात खुर्च्यांची ओळ दोरी धरून सरळ करत होते. दारात पाऊल टाकण्याआधीच वल्लरीला ते दिसलं. भिंतीवर सागवानी पाटी, तिच्यावर हातानं कोरलेली अक्षरं: एका बाजूला सुलोचना, दुसऱ्या बाजूला श्रीपाद, आणि मध्ये, कायमचा बसवलेला, डोळा.

"कसा वाटतो?" कर्नल म्हणाले. "तिच्या दाराशी होता, आता आपल्या दाराशी. उद्या गृहप्रवेशाला ती बघेल. तिचं नाव आधी कोरलं, 'लो'चा काना दोनदा चुकला. गोंद पक्का लावलाय, दोन नळ्यांचा. भूकंप झाला तर घर पडेल, हा पडणार नाही."

बाबांनी कपाळावर हात मारला. वल्लरी पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं, वांग्यापासून. मध्येच हिंदी, मध्येच मराठी, शेवटी नुसते हातवारे. कर्नलनी मिशी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सारखी केली.

"तिनं स्वतः मागितले? तोंडानं?"

"हाँ. मैंने गलत समझा."

"पोरी, तिनं माझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. ओवीसुद्धा मीच मागतो, ती देते." त्यांनी पाटीकडे एकवार पाहिलं. "पण हा निघणार कसा? फुटेल."

वल्लरी पाटीशी गेली. कापाच्या कडेवरून तिनं नख फिरवलं, फट कुठंच नव्हती. मग ती हसली, कालपासून पहिल्यांदा.

"निकालना नहीं है, आतोबा अंकल. सिर्फ आँख निकालनी है. बरमा आरपार जातो ना, तेव्हा खालची बाजू चिरते. म्हणून खाली लकड़ी चिपकाते हैं." तिनं पाटीवर टकटक केलं. "आपने तो चिपका ही दी है."

"म्हणजे माझा गोंद कामाला आला."

"पक्का."

पाटी भिंतीवरून उतरवून जेवणाच्या टेबलावर ठेवली. डोळ्याभोवती पाणी साठवायला बांध हवा होता. वल्लरी म्हणाली, चिकणमाती हवी. कर्नल आत गेले आणि परातीतून कणकेचा गोळा घेऊन आले. "पुऱ्यांसाठी मळून बघत होतो. ही चालेल?" कणकेचं कडं केलं, डोळ्याभोवती दाबून बसवलं, तांब्यानं पाणी ओतलं. पाण्याखाली डोळा मोठा झाला, चकाकला.

"बाबा, पाटी धरा. हिलाना नहीं."

बाबांनी दोन्ही हातांनी पाटी धरली, भिंग धरावं तशी. कर्नल तांब्या घेऊन उभे. वल्लरीनं बरमा पाण्यात टेकवला. आधी तिरका, म्हणजे घसरत नाही, मग सावकाश सरळ. दगड सूं-सूं करू लागला, पाणी दुधासारखं झालं, आता खालचं काही दिसेना. जोर द्यायचा नाही, बरम्याला त्याचं त्याला जाऊ द्यायचं, उचलायचा, पाणी आत जाऊ द्यायचं, परत टेकवायचा. घाई केली की तापतो, तापला की तडकतो. आत कुठंतरी बारीक "टक" झालं आणि वल्लरीचा हात थांबला. तिघंही पाण्याकडे बघत राहिले. पांढऱ्या पाण्यात कुठं रेघ दिसते का, काही वर तरंगतं का. काही नव्हतं. कणकेचा एक कोपरा सुटून टेबलावर पडला होता.

"माझी कणीक," कर्नल पुटपुटले. "सैल मळली."

तिनं परत बरमा टेकवला. सूं-सूं, मग सुरात बारीकसा बदल, आणि दुधाळ पाण्यात एकाएकी तपकिरी भुसा वर आला.

"लाकूड," बाबा म्हणाले.

वल्लरीनं ड्रिल बंद केला. लाकडात थोडं आणखी उतरून तिनं चकती अलगद मोकळी केली, बोटांत धरून धुतली. रुपयाएवढा गोल, ठसठशीत, मध्यावर दवाचा ठिपका. कुठं चरा नाही. कर्नलनी तो तळहातावर घेऊन आधी डाव्या डोळ्याशी धरला, मग उजव्या, आणि परत दिला.

पाटीला मात्र आता भोक होतं. सुलोचना आणि श्रीपाद यांच्या मधोमध, दगडातून सागवानात.

"सॉरी, आतोबा."

"अंकल कुठं गेला?" कर्नलनी भोकात अंगठा घालून पाहिला. अंगठा बरोबर बसला. त्यांनी तो आत-बाहेर केला, आणखी एकदा केला, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तू जा. तुझं काम तू कर, भोकाचं मी बघतो."

दुपारभर मनीमाजऱ्यात करवतीऐवजी घासण्याचं चाक फिरलं. दुसऱ्या कापातूनही त्याच बरम्यानं डोळा काढला. मागचं लाकूड घासून टाकलं. काडीच्या टोकाला लाख तापवून तिच्यावर चकती चिकटवली, कड गोल केली, मग जाड कागद, बारीक कागद, अगदी बारीक, आणि शेवटी बाबांनी ओल्या कातड्यावर गुलाबी पावडर लावून दिली. "भिंगाची आहे. माझ्या खिशातनं आणलीय, लॅबची नव्हे," ते म्हणाले. चांदीच्या साध्या कोंदणात दोन्ही डोळे बसले तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती आणि बीजी चहा घेऊन खाली आल्या होत्या.

आत्याला तिनं तिथंच बोलावलं. आत्या करवतीला आधी नमस्कार करून मग आरशापुढे बसली.

"मिळाला का जोडीदार?"

"मिल गया," वल्लरी म्हणाली. कुठून, ते तिनं सांगितलं नाही.

आत्यानं काप कानांत घातले. चपटे, गोल, पाळीवर बेतानं टेकलेले. मान इकडे केली, तिकडे केली. आरशाजवळ तोंड नेलं.

"हा डोळा थोरला आहे. हा जरा धाकटा."

"बीच का टुकड़ा आरी खा गई, आत्या. करवत जाते ना, तेव्हा तेवढा दगड पीठ होऊन पाण्यात जातो. इसलिए पूरे एक जैसे कभी नहीं होते."

"किती खाल्ला?"

वल्लरीनं दोन नखांमध्ये जेमतेम फट धरून दाखवली.

"एवढाच ना," आत्या म्हणाली. "आमच्या दोघांच्या मधलं तर अख्खं तारुण्य खाल्लंय करवतीनं. तरी जुळतंय बऱ्यापैकी."

मग ती आरशातल्या स्वतःकडे बघत, शाळेतल्या बाईच्या आवाजात नव्हे, नदीवरच्या मुलीच्या आवाजात, हलकेच म्हणाली:

प्रवरेच्या पोटी, निजे गारगोटी,
माझ्या कानाकाठी, जागी होई.

"वाह जी," बीजी म्हणाल्या, एक अक्षर न कळता.

लग्न झालं ते अकराच्या उन्हात. कर्नलच्या सरळ रेषेतल्या खुर्च्या पाहुण्यांनी पाच मिनिटांत वाकड्या केल्या. सह्या झाल्या, हार झाले. कर्नलनी हार घालताना आत्याच्या कानांकडे पाहिलं, आणि हार गळ्यात पडायला जरा उशीर झाला. बीजींनी मागून खाकरून आठवण करून दिली.

उरलेले काप वायाही गेले नाहीत. रागिणीनं प्रत्येक पानात एकेक ठेवला आणि त्याच्यावर वांग्याचे गरम काप वाढले. "ये पत्थर भी खाना है क्या?" कर्नलच्या एका जुन्या साथीदारानं विचारलं. "ये घर ले जाना है, जी," बाबा म्हणाले. "वरचा खा, खालचा न्या. दोन्हीला काप म्हणतात. तिसरा नवरीच्या कानात आहे, त्याला हात लावू नका." हे त्यांनी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी वल्लरीनं त्यांच्या पानात पुरणपोळी टाकून तोंड बंद केलं.

मग गृहप्रवेश. सगळे अंगणात जेवत असताना कर्नल आत्याला घेऊन दाराशी आले. वल्लरी तुळशीची कुंडी उचलून मागोमाग. पाटी पुन्हा भिंतीवर लागली होती.

आत्यानं आधी आपलं नाव वाचलं. मग त्यांचं. मग मधला काप. पट्टे तिच्या ओळखीचे, वलयं तिच्या ओळखीची, आणि जिथं डोळा असायचा तिथं एक गोल भोक. भोकात पितळेचं चकचकीत बटण बसवलेलं.

तिचा हात कानाकडे गेला. या वेळी तो नकळत गेला नव्हता. तिनं आधी काप चाचपला, मग बटणाची गोल कड चाचपली, आणि कर्नलकडे पाहिलं.

"इथला?"

"इथला."

"आणि तुम्ही दिलात काढून? लावलेला?"

"तुम्ही मागितला होतात म्हणे." कर्नलनी मिशी सारखी केली. "दाराचा दगड दाराशीच आहे. थोडा तुमच्याबरोबर हिंडेल, एवढंच."

आत्या वल्लरीकडे वळली. "तुला सांगितलं होतं, ह्यांना सांगू नको."

"मैंने…" वल्लरी थांबली. "मी काप म्हणाले. त्यांना वांगं कळलं नाही, कान कळला."

आत्या हसली, पदर तोंडाला न लावता. मग तिनं बोट उचललं आणि डोळ्याच्या जागी अलगद टेकवून बटण दाबलं. आत रिकाम्या घरात घंटी वाजली, लांब, दोन सुरांची, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आली. अंगणातल्या माणसांनी घास थांबवून वळून पाहिलं.

"आत कुणी नाही," कर्नल म्हणाले. "घरातली दोन्ही माणसं इथं उभी आहेत."

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली, आणि तिनं ती परत वाजवली.